पाऊस सरला, डब्यांतली झाडे बदला

आश्विन लागला की वस्तीतल्या दारादारांतले डबे, गोण्या आणि थर्माकोलची खोकी दमलेली दिसू लागतात. जूनमध्ये लावलेल्या भेंडीची पाने पिवळी पडलेली असतात, दोडक्याचा वेल वाळत आलेला असतो, गवारीला शेंगा येत नाहीत. अनेक घरी ही झाडे उन्हाळ्यापर्यंत तशीच उभी राहतात. मग ऑक्टोबर ते जानेवारी हे पालेभाजीचे सगळ्यात चांगले चार महिने हातचे जातात.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशासाठी? आपल्या बायकांच्या रक्तासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत तर दर तिघांपैकी दोघांना. नर्स म्हणून गरोदर तपासणीला बसताना हेच दिसायचे: पांढरट पापण्या, दोन पायऱ्या चढल्या की धाप, आणि काय जेवलात विचारले तर भात, पातळ वरण, चहा. भाजी महागली की पहिली काटकसर पालेभाजीत होते, आणि जी येते ती सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात उरते. दारात मूठभर भाजी उगवली, तर ती विकत आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

काय काढायचे, काय ठेवायचे

भेंडी, दोडका, काकडी, गवार आता काढून टाका. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या असतील तर तो विषाणूरोग आहे. ते झाड खतात टाकू नका, कचरागाडीत द्या. गवार आणि चवळी मात्र उपटू नका, मातीलगत कापा. त्यांच्या मुळांवरच्या बारीक गाठींत हवेतला नत्र साठलेला असतो, तो पुढच्या भाजीला मिळतो. भेंडी, वांगे किंवा टोमॅटोच्या मुळांवर वेड्यावाकड्या गाठी दिसल्या, तर ती सूत्रकृमीची कीड समजा. त्या डब्यात या हंगामात झेंडू लावा.

कढीपत्ता, गवती चहा, शेवगा ठेवा. शेवग्याच्या उंच फांद्या छाटा, म्हणजे कोवळा पाला हाताशी येतो. अळूची पाने सुकली तरी कांदे मातीत राहू द्या, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतात.

माती तयार करा

डबा पालथा करून माती मोकळी करा, ढेकळे फोडा आणि पाच-सहा दिवस ऑक्टोबरच्या कडक उन्हात पसरून ठेवा. मग दोन भाग मातीत एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. डब्याच्या तळाला भोके हवीत, त्यावर फुटक्या कौलाचा तुकडा ठेवा. पालेभाजीला वीतभर खोल माती पुरते. तेलाचा १५ किलोचा डबा आडवा कापला तर त्यात घरापुरती मेथी होते.

रंगाचे जुने डबे, बॅटरीची खोकी आणि कीटकनाशकांचे कॅन वापरू नका. पाडलेल्या घराच्या डेब्रिजची आणि हमरस्त्याकडेची मातीही नको. तिच्यात शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक असते. ओल्या मातीचा डबा वीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून तो पत्र्यावर चढवू नका.

काय पेरायचे

निदान चार तास ऊन येते अशी जागा निवडा. मेथीसाठी मसाल्याच्या डब्यातले न भाजलेले दाणे चालतात. रात्रभर भिजवून पेरा, महिनाभरात भाजी कापायला येते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करा. ती उगवायला आठ-दहा दिवस घेते, धीर धरा. पालक महिन्या-सव्वा महिन्यात येतो. मुळासकट न उपटता वरून कापला तर पुन्हा फुटतो. माठ, चाकवत, शेपू, मुळा हेही आताच पेरा. मुळ्याचा पाला फेकू नका, तीही भाजीच आहे. टोमॅटो आणि मिरचीची रोपे लावणार असाल तर वांगे, टोमॅटो, मिरची यांपैकी काही ज्या डब्यात होते, तो टाळा. एकाच कुळातली ही झाडे एकमेकांचे रोग घेतात.

सगळे डबे एकाच दिवशी पेरू नका. दर १५ दिवसांनी एक-दोन पेरा, म्हणजे जानेवारीपर्यंत भाजी चालू राहते. एखादे चांगले रोप न कापता बी धरू द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती असेच गावठी बी जपून वाटल्याबद्दल. दुकानातले रंग लावलेले बी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नका, शिजवू तर अजिबात नका.

पाणी, डास आणि जंत

नळाला पाणी कमी येत असेल तर तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी डब्यांना घाला. साबणाचे आणि गटाराचे पाणी नको. गटाराच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर कच्ची खाल्ली तर जंत आणि टायफॉईड पोटात जातात.

पावसानंतरचे हे दिवस डेंग्यूचे. डब्याखाली ताटली ठेवू नका, दोन विटा ठेवा. अंडे ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आणि बादल्या रिकाम्या करून आतून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

मातीत काम करताना पायात चप्पल घाला, नंतर हात साबणाने धुवा. घाण मातीतला आकडेकृमी तळपायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. भाजी पिकवायला गेलो आणि रक्त गमावले, असे होऊ नये.

ताटात येताना

भाजीतले लोह अंगी कमी लागते, पालकातले तर आणखी कमी. म्हणून मेथी, माठ आणि शेवग्याचा पालाही आलटून पालटून करा. ताटात लिंबू पिळा किंवा टोमॅटो, आवळा, पेरू घ्या. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको. भाजी शिजवून पाणी ओतून देऊ नका, चमचाभर तेलाची फोडणी जरूर द्या.

आणि एक लक्षात ठेवा ताई, भाजी ही गोळीच्या जागी नाही. गरोदरपणात लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, वेगळ्या वेळी घ्या.

पेराल त्याच आठवड्यात घरातल्या बायका-मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. जानेवारीत पुन्हा तपासा. आकडा वाढला नसेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना ती वही दाखवा.