शरणपूरला शरण कोण आलं?

नाशिकच्या दोस्तांनो, शरणपूर रोडवरून तुम्ही कितीदा तरी जाता. पण इथे शरण कोण आलं होतं, असं कधी घरी विचारलंत?

आली होती मुलं. तीही थेट आफ्रिकेची!

दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माणसं पकडून विकत. तुमच्याएवढी पोरंसुद्धा. त्यांना कोंबून नेणारी गलबतं ब्रिटिश आरमार अडवायचं. सुटलेल्यांपैकी काही मुलं मुंबईला उतरायची आणि तिथून नाशिकला, शरणपूरच्या मिशन वस्तीत यायची. आई कुठे, बाबा कुठे, काही ठाऊक नाही. आजूबाजूची भाषाही परकी. इथे ती लिहा-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1872 मध्ये तो आफ्रिकेत परतला, डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला. हा प्रवासी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध सतत लिहीत होता. मे 1873 मध्ये, आजच्या झांबियात, तो वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव, तारीख कोरली. नाशिकला गिरवलेली अक्षरं आफ्रिकेच्या जंगलात उमटली!

मग लिव्हिंगस्टनचे सोबती सुसी, चुमा, जेकब आणि इतरांनी देहाला मीठ लावून तो उन्हात सुकवला. ओलावा गेला की कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलेला तो देह खांद्यावर घेऊन ही माणसं कित्येक महिने चालली, थेट समुद्रापर्यंत.

पण तिथून लंडनला पोचलेला देह लिव्हिंगस्टनचाच कशावरून? हाडावरून! पूर्वी एका सिंहाने त्याचा डावा दंड फोडला होता आणि ते हाड नीट जुळलंच नव्हतं. डॉक्टरांनी पाहिलं, तर जुनी मोड तिथेच. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत आपला जेकब होता.

लिव्हिंगस्टन वारला त्याच 1873 साली इकडे जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघालं. ते त्यांनी अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

तिकडे आफ्रिकेत 1875 मध्ये मोंबासाजवळ, सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली. नव्याने आलेल्यांना सांभाळायला तिथे कोण होतं, सांगा बरं? नाशिकला शिकून मोठी झालेली आफ्रिकन माणसं. आज संध्याकाळी शरणपूर रोडवरून जाताना सोबतच्या मोठ्यांना जेकबची गोष्ट सांगा.