ताडपत्रीच्या पोटातले पापुद्रे

ऑक्टोबरात ढग दाटले, की वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या सुडीवर घाईघाईने ताडपत्री चढते. ती बहुधा पॉलिथिनची. तिच्यात साखळीसारखे लांबलचक रेणू स्वतःवरच घड्या घालून पापुद्रे रचतात. एकेक साधारण १० ते २० नॅनोमीटर जाड. मिलिमीटरचे १० लाख भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर!

ही घडी १९५७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये शास्त्रज्ञ अँड्र्यू केलर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे ओळखली. पण सूक्ष्मदर्शक दाखवतो इवलासा तुकडा. शितावरून भाताची परीक्षाच म्हणा ना. क्ष-किरण मात्र असंख्य पापुद्र्यांतून एकदम जातात आणि किंचित विखुरतात. पापुद्र्यांमधले अंतर जितके मोठे, तितका विखुरण्याचा कोन लहान. त्यावरून सरासरी अंतर काढता येते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर असे संशोधन चालते.

पापुद्रे एकमेकांना बांधणारे रेणू उन्हाने तुटत गेले, की ताडपत्री टर्रकन फाटते.