बारामतीच्या जळोचीत बसून बघा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे फोटो!

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८५०च्या दशकात मुंबईतली माणसं, त्यांचे पेहराव टिपले. त्या फोटोंचे अल्बम आज अमेरिकेत, डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात आहेत. पण स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्यामुळे आपल्याला मोबाइलवर फुकट दिसतात. केवढी मोठी सोय! झूम करून पागोट्याचे पीळ जरूर बघा.

मग बारामती-इंदापूरच्या घरांतले फोटो ट्रंकेतच का राहावेत? तेही स्कॅन करा. फ्रेमच्या काचेवरून मोबाइलने फोटो काढू नका, चकाकी येते. फ्लॅटबेड स्कॅनर, किमान ६०० डीपीआय, टिफ फाइल. मागची बाजूही स्कॅन कराच. स्टुडिओचा शिक्का, तारीख बहुधा तिथेच असते. आणि फोटोतल्या माणसांची नावं आजीला विचारून आजच लिहून ठेवा, हे काम स्कॅनिंगच्याही आधीचं.