न जुळलेली तेरीज आणि न सुरू होणारी गाडी

गेल्या पौषातील एका सोमवारी सौभाग्यवतींच्या डोळ्यावरील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पट्टी काढण्यासाठी सांगलीहून मिरजेला सकाळी नऊ वाजता पोहोचावयाचे होते. आमची मारुती ८००, २००४ सालची, आदल्या संध्याकाळी विनातक्रार चालली होती. सकाळी चावी फिरविली; ‘कट’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन जागचे हलले नाही. पुन्हा फिरविली, पुन्हा ‘कट’. अखेर एका डोळ्यावर पट्टी असलेल्या त्यांना हात धरून रिक्षात बसवावे लागले. वेळ साधली, परंतु गाडी दारात असून उपयोगी पडली नाही, याची खंत वाटेत सलत राहिली.

दुपारपर्यंत तीन निर्णय हाती आले. शेजाऱ्यांच्या मते बॅटरी संपली होती. गॅरेजमधील कारागिराने दूरध्वनीवरूनच सेल्फ गेल्याचे सांगून नव्या सेल्फचा भाव साडेचार हजार रुपये कळविला. पुण्याच्या चिरंजीवांनी ‘बाबा, आता ती विकून टाका’ हा आपला जुना ठराव पुन्हा मांडला. तिघांपैकी एकानेही बोनेट उघडून पाहिले नव्हते.

व्यापारी घरातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगणे नको. तेरीज जुळली नाही, म्हणून कोणी नवी खतावणी विकत आणीत नाही. फरक उचंती खात्यात टाकता येतो, पण त्याने चूक सापडत नाही. ती पुढील वर्षी व्याजासह परत येते. कारण न शोधता सुटे भाग बदलणे, म्हणजे गाडीचा फरक उचंतीला टाकणेच होय.

आधी तक्रार नीट ऐकावी

आमच्या पेठेत मोटारीच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. सारे त्यांना चाचा म्हणतात. संध्याकाळी ते आले. गाडीला हात लावण्यापूर्वी त्यांनी विचारले, ‘‘साहेब, इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही?’’

साऱ्या निदानाची पहिली फांदी हीच. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ निर्दोष असतात; दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात किंवा ठिणगीत शोधावा. इंजेक्शनच्या गाडीत चावी पहिल्यांदा पुढे केली की मागील बाजूस पेट्रोल पंपाची गुणगुण दोनेक सेकंद ऐकू येते. ती नसेल तर प्रथम पंपाचा फ्यूज पाहावा. टाकीत पेट्रोल आहे ना, हेही पाहावे. काटा नेहमी खरे बोलतोच असे नाही.

इंजिन फिरतच नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, पुढील दिवे लावावेत आणि चावी फिरवावी. दिवे मालवल्यासारखे मंद झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टर्मिनल्स सैल अथवा गंजलेली आहेत. दिवे तेजस्वी राहिले आणि ‘कट’ आवाजही आला नाही, तर चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर तपासावी. दिवे तेजस्वी, ‘कट’ आवाजही स्पष्ट, तरीही इंजिन स्तब्ध असेल, तर सेल्फ किंवा जाड केबल यांपैकी एक दोषी. आमचा प्रकार हा तिसरा होता.

परतीची वाट

चाचांनी मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवीत होती. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या आसपास आली तर ती बहुतांशी रिकामी समजावी. सेल्फ मारताना ती साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावी. अर्थात आमची बॅटरी निर्दोष होती.

मग त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकविले व मला चावी फिरवावयास सांगितले. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी आकडा यावयास हवा होता. आला पाच.

‘‘सेल्फ चांगला आहे, साहेब. अर्थ तुटलाय.’’

बॅटरीतून निघालेली वीज सेल्फमधून इंजिनच्या धातूत येते आणि अर्थच्या जाड पट्टीने बॅटरीकडे परतते. ही परतीची वाट गंजली तर ‘कट’ आवाजापुरती थोडी वीज जाते. इंजिन फिरविण्याइतकी जात नाही. चाचांनी जंपर केबलने इंजिनचा धातू थेट ऋण टर्मिनलला जोडला. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

महिनाभर ॲक्सिलरेटरची तार जड लागत होती, हे मला तेव्हा आठवले. चाचा हसले. परतीची मुख्य वाट बंद झाली की वीज मिळेल त्या धातूतून परतू पाहते. तिने ती तार तापून खराब होते. पुरावा महिनाभर पायाखाली होता, मी तो वाचला नव्हता.

ऋण टर्मिनल आधी सोडून चाचांनी जुनी पट्टी काढली. तिच्या बोल्टखाली हिरवट भुकटी साचली होती. जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून नवी पट्टी बसविली, वर व्हॅसलीन लावले आणि ऋण टर्मिनल सर्वांत शेवटी जोडले. हा क्रम पाळावा आणि बॅटरीजवळ विडी, काडी पेटवू नये. तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. पट्टीचे १८० आणि मजुरीचे १०० मिळून २८० रुपये झाले.

माझीच चूक

आता एक कबुली. आदल्या वर्षीही असाच ‘कट’ आवाज आला होता आणि मी न तपासता नवी बॅटरी घेतली होती. बॅटरी बसविताना केबल हलली, गंजलेला जोड तात्पुरता टेकला आणि गाडी सुरू झाली. बॅटरीनेच गुण आला, असे मी समजलो. जुनी, कदाचित उत्तम असलेली बॅटरी बदल्यात देऊन टाकली. चौतीस वर्षे इतरांच्या प्रत्येक खर्चाला व्हाउचर मागणाऱ्या मी स्वतःच्या खर्चाला मात्र पुरावा मागितला नव्हता. म्हणून दूरध्वनीवर सेल्फ बदलावयास सांगणाऱ्या कारागिरावर मला रागावता येत नाही. त्याने जे केले, तेच मी वर्षापूर्वी केले होते.

तेव्हा वाचकहो, गाडी अडली की ‘काय बदलू?’ असे विचारण्याआधी ‘कशावरून?’ असे विचारावे. एक साधा मल्टिमीटर घरी ठेवावा. वर्षातून एकदा दोन्ही टर्मिनल्स आणि अर्थची पट्टी उघडून स्वच्छ करून घ्यावी. एवढे करूनही दोष सापडला नाही, तर भाग अवश्य बदलावा. मात्र जुना भाग सदोष असल्याचे कारागिराकडून डोळ्यांदेखत दाखवून घ्यावे.

पुढील सोमवारच्या तपासणीस आम्ही त्याच गाडीने मिरजेला गेलो. सौभाग्यवती वाटेतील दुकानांच्या पाट्या एकामागून एक वाचून दाखवीत होत्या. चिरंजीवांचा ठराव तूर्त स्थगित आहे.