अकोट्याच्या छपरावरची मगर

ऑगस्ट 2024च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं आणि अकोटा स्टेडियमजवळच्या एका घराच्या छपरावर चक्क मगर दिसली. व्हिडिओ देशभर फिरला. अशा वेळी ऑनलाइन बातमीदाराने काय करायचं? मूळ चित्रण कुणाचं ते शोधायचं, मागच्या इमारती उपग्रह नकाशाशी ताडून पाहायच्या, वनखात्याला फोन लावायचा. मजकूर, आवाज, नकाशा हे सगळं त्यानंतर. कॅमेरा चालवणं त्यामानाने सोपं. पडताळणीआधी व्हिडिओ पुढे पाठवण्यापासून हात आवरणं कठीण.

हे सगळं शिकावं लागतं, आणि विकसनशील देशांतल्या पत्रकारांना शिकवण्याचं काम आपल्याकडे जुनंच आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेने 1969 मध्ये आफ्रो-आशियाई देशांतल्या कार्यरत पत्रकारांसाठी पदविका अभ्यासक्रम काढला. तेव्हा टाइपरायटरचा जमाना होता. अहमदाबादेत तर ‘सेवा’ या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेने 1984 मध्ये भाजी विकणाऱ्या बायकांनाही व्हिडिओ चित्रण शिकवलं. त्यांतल्या काहींना अक्षरओळखही नव्हती, पण कॅमेरा चालवणं त्यांनी आत्मसात केलं. अक्षरं न येताही कॅमेरा शिकता येतो, हा धडा मला जास्त मोलाचा वाटतो.

मराठीतून पत्रकारिता शिकायची असेल, तर जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात चौकशी करावी.