चूक हाताची की काठीची?

कॅरमच्या पाटावर स्ट्रायकरला टिचकी मारावी तिकडे तो जातो. हाच सरळ हिशेब मनात धरून मुले पूलच्या टेबलापाशी येतात आणि थोड्याच दिवसांत बुचकळ्यात पडतात. क्यू नीट रोखलेला असतो, हातही हललेला नसतो. तरी पांढरा चेंडू ठरल्या जागेपासून जरा बाजूलाच जाऊन आदळतो. ‘हात थरथरला रे!’ म्हणून मित्र हसतात. मग घरी वडिलांकडे नव्या, महागड्या क्यूसाठी हट्ट सुरू होतो. पैसे काढण्यापूर्वी हे गौडबंगाल काय आहे, ते समजून घेतलेले बरे.

चेंडू उलट्या दिशेला का जातो?

पांढऱ्या चेंडूला मधोमध मारले, तर तो क्यूच्या रेषेत सरळ जातो. पण कडेच्या गादीला लागून तो हवा तसा वळावा म्हणून खेळाडू त्याला उजवीकडे किंवा डावीकडे मारून फिरकी देतात. याला ‘साइड’ म्हणतात. गंमत अशी, की चेंडूला उजव्या बाजूला मारले की तो क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकून निघतो. खेळाडूंच्या भाषेत हे ‘डिफ्लेक्शन’.

क्यूचे टोक चेंडूला टेकते ते जेमतेम एक हजारांश सेकंद. तेवढ्यात चेंडू फिरू लागतो आणि टोकाला आपल्याबरोबर उजवीकडे ओढतो. टोक सहजासहजी हलत नाही. ते चेंडूला डावीकडे रेटते. बाजारातल्या गर्दीत आडदांड माणसाचा खांदा लागला तर आपण बाजूला होतो. लहान मुलाचा लागला तर मूलच बाजूला होते. इथेही तसेच आहे. टोक जड असेल तर चेंडू जास्त सरकतो, हलके असेल तर टोकच बाजूला होते.

अख्ख्या क्यूचे वजन साधारण अर्धा किलो असते. पण हजारांश सेकंदात धक्का मागच्या मुठीपर्यंत पोहोचतच नाही. हिशेबात धरायचे ते पुढच्या काही इंचांचेच वजन. म्हणून मूठ जड आहे की नक्षीदार, याने डिफ्लेक्शनमध्ये फरक पडत नाही.

हे सरकणे दिसायला क्षुल्लक असते. समजा, चेंडू २ अंशांनी ढळला. एक मीटर अंतरावर ती चूक साडेतीन सेंटिमीटरची होते. पूलच्या चेंडूचा व्यासच ५.७ सेंटिमीटर, म्हणजे चूक अर्ध्या चेंडूहून मोठी! नेम साधणार कसा?

टोक हलके करण्याची खटपट

पूलच्या क्यूचा पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, पूर्वापार मेपलच्या लाकडाचा. टोकाची जाडी साधारण १२ ते १३ मिलिमीटर. स्नूकरचा क्यू बहुधा ॲशच्या लाकडाचा, अधिक निमुळता, टोकाशी ९ ते १० मिलिमीटर आणि पुढे पितळी फेरूल. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कारागिरांनी पूलच्या शाफ्टचे टोक आतून पोकळ करून, फेरूल हलके करून डिफ्लेक्शन कमी केले. अलीकडे कार्बन फायबरचे शाफ्टही आले आहेत.

अशा शाफ्टने फिरकी जास्त मिळते, असा मात्र अनेकांचा गैरसमज आहे. फिरकी ठरते ती चेंडूच्या मध्यापासून किती दूर मारले आणि किती जोरात मारले यावर. नवा शाफ्ट नेम धरणे सोपे करतो, इतकेच. डिफ्लेक्शन तोही पुरते घालवत नाही.

मग नवा क्यू घ्यायचा का?

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि ते भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते झाले. १९६४ मध्ये त्यांनी तोच पराक्रम पुन्हा केला. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जगज्जेते ठरले. त्या काळी पोकळ टोकाचे किंवा कार्बनचे शाफ्ट नव्हते. साध्या लाकडी क्यूनेही जगज्जेता होता येते, हे या दोघांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा हट्ट पुरवण्याआधी एक परीक्षा घ्या. समोर एक मीटरवर एक चेंडू ठेवून मुलाला पांढरा चेंडू मधोमध मारायला सांगा. दहा वेळा मारू द्या. तिथेच नेम चुकत असेल तर दोष हाताचा. महाग क्यू तो झाकणार नाही. मधोमधचे फटके सरळ जातात आणि साइड देताच बिघडतात, असे असेल तर ते डिफ्लेक्शन. त्यावर उपाय म्हणजे नेम किंचित बदलून धरण्याचा सराव. जोरात मारल्यावर आणि हळू मारल्यावर हा बदल वेगवेगळा धरावा लागतो, कारण हळू मारलेला चेंडू वाटेत थोडा वळून परत येतो.

पण क्लबात रोज हाताला लागेल तो क्यू घेतला, तर हा अंदाज कधीच बसत नाही, कारण प्रत्येक क्यूचे टोक वेगळे. म्हणून घ्यायचाच तर परवडेल असा एक साधा, सरळ क्यू घ्या, पण तो मुलाचा स्वतःचा असू द्या. त्याच्या चामडी टिपला नियमित खडू लावायची सवय लावा. काठीची खोड एकदा कळली, की हात तिच्याशी जुळवून घ्यायला आपोआप शिकतो.