मिसळ खाल्ली, पण अंगी किती लागली?

रविवारी सकाळी नऊला कॉलेज रोडवरून चक्कर मारा, नाहीतर गाडी काढून सातपूर किंवा मखमलाबादकडे वळा. सगळीकडे एकच चित्र दिसतं. ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, शेव, कांदा, पापड, दही, लिंबाची फोड आणि वाटीत लालभडक तर्री. फोटो स्टोरीवर जातो, पंधरा मिनिटांत ताट रिकामं होतं आणि वर चहा होतो. आपलं काम संपलं! पोटाचं मात्र आता कुठे सुरू झालंय. ते पुढचे एक-दोन दिवस चालणार आहे.

पहिला घास

पावाचा तुकडा जरा जास्त वेळ चावून बघा, हळूहळू गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम पिठूळ स्टार्च तोडून त्याची साखर करत असतं. म्हणजे पचन तोंडातच सुरू होतं. घास न चावता गिळला, की हे काम पुढच्यांवर पडतं.

आणि तो झणका? तिखट ही खरं तर चवच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं आणि मेंदूला वाटतं, तोंड भाजलं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे ग्लासभर पाणी पिऊनही आग थांबत नाही. दह्यातलं केसिन हे प्रथिन त्याला धरून नेतं. ताटातली दह्याची वाटी उगाच नसते!

तर्रीचं काय होतं?

जठरात आम्ल आणि पेप्सिन मिळून मटकीतली प्रथिनं तोडायला घेतात. तेल जास्त असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. म्हणून एक्स्ट्रा तर्री मारली, की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

तर्री रश्श्यावर तरंगते, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. पोटातही तीच अडचण. तिथे यकृतातून आलेलं पित्त भांड्याच्या साबणासारखं काम करतं. तेलाचे बारीक थेंब होतात आणि मग स्वादुपिंडातली एन्झाइम्स ते फोडतात. हे सगळं घडतं सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात. त्याच्या आतल्या घड्या आणि केसांसारखे बारीक उंचवटे पसरले, तर जवळपास अर्धं बॅडमिंटन कोर्ट भरेल. इथूनच अन्न रक्तात शिरतं, म्हणजे खऱ्या अर्थाने अंगी लागतं.

मटकीतल्या काही साखरा मात्र आपल्याला पचवताच येत नाहीत. त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि गॅस होतो. मोड आणले की या साखरा कमी होतात. आजी मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवते, त्याचा हा एक फायदा.

चहा जरा थांबवा

आता मुद्द्याची गोष्ट. मटकीत लोह असतं, पण वनस्पतींमधलं लोह आतड्यातून सहज शोषलं जात नाही. लिंबातलं सी जीवनसत्त्व त्याला मदत करतं. चहातले टॅनिनसारखे घटक नेमकं उलटं करतात, ते लोहाला धरून ठेवतात. म्हणजे लिंबू ताटात तसंच ठेवून लगेच चहा घेतला, तर ताटातल्या लोहातलं बरंचसं बाहेरच जातं.

हा प्रश्न किरकोळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये ॲनिमिया आढळला. त्यात कॉलेजच्या मुलीही आल्या. जिना चढताना धाप लागते, लेक्चरला लक्ष लागत नाही, सारखा थकवा येतो. आपण म्हणतो, झोप झाली नाही. कधीकधी कारण रक्तात असतं.

रविवारच्या एका मिसळीने ॲनिमिया जाणार नाही. तो वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांशी बोला. पण मेसच्या रोजच्या जेवणात वरण-उसळीवर लिंबू पिळणं आणि जेवणाला लागून चहा न घेणं, यात पैसे जात नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी फोड पूर्ण पिळा, घास चावून खा. आणि चहा? तो प्यायचाच. फक्त तासाभराने, सोमेश्वरला एक चक्कर मारून आल्यावर.